एक रुपयात रोज एक इंग्रजी शब्द: माझे १६,२९८ रुपये असे गेले

आकडा आधीच लिहिते. ९ जूनला १ रुपया. १६ जून, १६ जुलै आणि १६ ऑगस्टला प्रत्येकी १,४९९. मध्ये ३ जुलैला ११,८००. एकूण १६,२९८ रुपये. मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सतरा वर्षं अकाउंट्स बघते. हे मुद्दाम सांगतेय, कारण ज्याला सांगावं तो पहिलं हेच विचारतो, "अकाउंट्सला असून तुम्ही कशा फसलात?"

कशी फसले ते सांगते. माझं शिक्षण येवल्याजवळच्या गावात, मराठी शाळेत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑडिटच्या मीटिंगमध्ये मला एका फरकाचं कारण विचारलं. कारण मला तोंडपाठ होतं, पण इंग्रजीत शब्दच सुचेना. मी अडखळले आणि दोन वर्षांपूर्वी लागलेल्या मुलानं माझंच उत्तर चार वाक्यांत देऊन टाकलं. घरी येईपर्यंत माझा घसा दाटलेला होता. अशाच दिवसांत मोबाइलवर जाहिरात आली: रोज एक नवा शब्द, वर्षात ३६५, पहिले सात दिवस फक्त १ रुपया. मराठीतून समजावणार म्हणे.

पावणेदहा वाजले होते. कुकर लावलेला, हाताला कणीक, फोन ओट्यावर टेकवलेला. पैसे भरायच्या पानावर मोठ्ठा १ दिसत होता. त्याच्या खाली करड्या, बारीक अक्षरांत ऑटोपे (म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी), दर महिना, १,४९९ पर्यंत असं लिहिलेलं होतं. ते पान आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दिवसभर मी पुरवठादारांच्या बिलांची एकेक ओळ तपासते, दहा रुपयांचा फरक असला तरी बिल परत पाठवते. आणि माझ्या स्वतःच्या खात्याच्या वेळी मी करंगळीनं सहा आकडी पिन दाबला आणि कुकरची शिट्टी मोजत बसले. पिन टाकताना रक्कम नुसती वाचू नका. खाली मुदत आणि 'पर्यंत' हा शब्द आहे का, ते बघा.

१५ जूनला बँकेचा मेसेज आला होता, उद्या इतके कापले जातील म्हणून. असा मेसेज एक दिवस आधी पाठवायचा नियमच आहे. पण दिवसाला तीस-चाळीस मेसेज येतात, त्यात कर्जाच्या जाहिराती निम्म्या. मी तो उघडलाच नाही.

शब्द मात्र रोज सकाळी सात वाजता न चुकता यायचे. मी वहीत उतरवून घ्यायचे, बसमध्ये पाठ करायचे. तिसऱ्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. आधी मॅडम, मग दोन मिनिटांत ताई. "ताई, नुसते शब्द पाठ करून बोलता येत नाही, हो ना? ऑफिसात लोक आपल्याला कमी समजतात, हो ना?" तिनं नेमकं तिथेच बोट ठेवलं. आठवड्यातून दोन लाइव्ह क्लास, वर्षाअखेरीस परीक्षा, पास झालं की निम्मी फी परत. फी १०,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. मी पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर संस्थेचं नाव आलं नाही, एका माणसाचं नाव आलं. मी विचारलंही. "ते आमचे अकाउंट्सचे सर आहेत, ताई." अकाउंट्सचे म्हटल्यावर मला बरंच वाटलं. कुठलीही संस्था फी एखाद्या माणसाच्या नावावर मागत असेल तर तिथेच फोन ठेवा, पुढचं ऐकूच नका.

पावती आली ती मी न वाचता फाइलला टाकली. सगळं उघडकीला आल्यावर ती काढली, तर जीएसटी नंबर १४ अक्षरी. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, हे मला झोपेत उठवून विचारा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७. यांचा पत्ता पुण्याचा आणि नंबर सुरू होत होता ०७ ने, म्हणजे दिल्ली. माझ्या टेबलावर असं बिल आलं असतं तर मी दहा सेकंदांत बाजूला काढलं असतं. मला पैशांपेक्षा हे जास्त लागलंय. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुठलाही नंबर फुकट तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा, माझ्यासारखं सात आठवड्यांनी नको.

लाइव्ह क्लास दोनच झाले. मग सरांना बरं नाही, मग सर गावाला. मी क्लासच्या ग्रुपवर विचारलं, तर त्याच संध्याकाळी ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय करून टाकली. २० ऑगस्टला मुलीच्या क्लासची फी भरायला खातं उघडलं आणि १,४९९ च्या तीन ओळी दिसल्या.

माझ्या मुलीनं, नववीत आहे, वही चाळली. एक दिवस 'मंगूज' हा शब्द आला होता, इंग्रजीत तो आपल्या मुंगुसावरूनच गेला ही माहिती मला फार आवडली होती. तिनं शोधून दाखवलं: त्याखालचा इंग्रजी मजकूर एका फुकट शब्दकोशातून जसाच्या तसा उचललेला. मेरियम-वेबस्टर हा अमेरिकी शब्दकोश रोजचा शब्द ईमेलवर फुकट पाठवतो. अनु गर्ग १९९४ पासून रोज एक शब्द जगभर पाठवताहेत, तोही फुकट. रोज एक शब्द शिकणं चांगलंच आहे, मी अजूनही शिकते. पण त्यासाठी एक रुपयाही द्यायची गरज नाही.

आता पुढचं. बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मँडेट, म्हणजे ऑटोपेची परवानगी, तुम्हीच दिलंय, आम्ही काय करणार? मँडेट बंद कसं करायचं हेही त्यानं सांगितलं नाही, मी घरी येऊन शोधलं. तुम्हीही लिहून ठेवा: ॲप काढून टाकलं, नंबर ब्लॉक केला, ग्रुप सोडला, तरी ऑटोपे चालूच राहतो. ज्या यूपीआय ॲपवरून दिला, त्या ॲपमध्ये ऑटोपेच्या पानावर जाऊन तो रद्द करता येतो.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, तिसऱ्या प्रयत्नात लागला. पैसे कधी गेले? जूनपासून, म्हटलं. "मग इतके दिवस काय करत होतात?" हे त्यांनी मला विचारावं? तक्रार घेतली, नंबर दिला आणि पोलीस ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. मग साहेब म्हणाले, "ओटीपी कुणाला दिलात का? नाही ना? पिन तुम्हीच टाकलात ना? मग यात फसवणूक कुठे आली? हा ग्राहकाचा विषय आहे." मी खोट्या जीएसटी नंबरची पावती पुढे केली, तर म्हणाले ते जीएसटीवाल्यांना दाखवा. खोटा नंबर छापून माझ्याकडून १,८०० रुपये कर म्हणून घेतला, आणि ही फसवणूक नाही? ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलं, पण बाकावर बसवण्याची पद्धत तीच राहिली.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार केली. ती त्यांनी संस्थेकडे पाठवली. बारा दिवसांनी मेसेज: तक्रार निकाली. निकाली म्हणजे काय, तर संस्थेनं कळवलं की ग्राहकाने अटी मान्य केल्या होत्या. मला एक फोनसुद्धा आला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असल्या वर्गणीच्या सापळ्यांवर बंदी घातलीय, लेखी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मी ती छापून नेली होती. एकानंही हातात धरली नाहीत.

नवऱ्याला मी नऊ दिवस सांगितलं नव्हतं, लाजेपोटी. ते नऊ दिवस वाया गेले. तुमच्या बाबतीत असं झालं तर त्याच रात्री घरात सांगा आणि त्याच रात्री १९३० ला फोन करा, उशीर झाला की पैसा पुढच्या खात्यात सरकतो. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आणि ग्रुपचे स्क्रीनशॉट आधी जपा, कारण ते लोक मेसेज पुसतात. माझे दोन महत्त्वाचे मेसेज असेच गेले. बँकेला तक्रार लेखीच द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माझे तीस दिवस पुढच्या गुरुवारी भरतात.

जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. अर्ज मी स्वतः लिहिलाय, मराठीत. सोबत बँकेचा उतारा, बावीस स्क्रीनशॉट आणि ती पावती. पावतीवरचा चौदा अक्षरी नंबर मी लाल पेनानं गोल करून ठेवलाय. मागणी: १६,२९८ रुपये, व्याजासह.