१.३ की ४.४? लॅपटॉप नऊ महिने वापरल्यावर

गणपतीत घेतला, आता आंबा संपला. आत इंटेलची आय५-१२३५यू चिप आहे. स्क्रीन बरी, कीबोर्ड चांगला, बॅटरी देवगडात लाईट जाते तेवढ्या वेळाला पुरते. माझं भांडण होतं ते क्लॉक स्पीडशी, म्हणजे चिपचे सेकंदाला किती ठोके पडतात त्याच्याशी; एक गिगाहर्ट्झ म्हणजे एक अब्ज ठोके.

खोक्यावर ४.४ गिगाहर्ट्झ. घरी येऊन सेटिंगमध्ये बघतो तर १.३०! लगेच दुकानदाराला फोन. तो म्हणाला, "दोन्ही आकडे बरोबर आहेत." मला वाटलं, गुंडाळतोय. भावाच्या जुन्या आय५-८२५०यूवर १.६० दिसतं आणि मी नवे पैसे मोजून १.३० घेतला? रागाने एक स्टार दिला.

तो स्टार आज मागे घेतोय. १.३० हा चिपमधल्या दोन मोठ्या कोअरचा (काम करणाऱ्या भागांचा) मूळ वेग, ४.४ ही त्यांनीच थोडा वेळ मारायची धाव. आठ छोट्या कोअरचं वेगळंच: ०.९ ते ३.३. एका चिपचे चार आकडे, चारही खरे. बरं, वेग बघायला टास्क मॅनेजर उघडावा तर त्या उघडण्यानेच तो चढतो.

आणि भावाच्या १.६०शी तुलना म्हणजे नुसता पेटीचा भाव विचारणं. पेटी पाच डझनी की आठ डझनी, ते कोण सांगणार? एका ठोक्यात चिप किती काम उरकते ते गिगाहर्ट्झमध्ये येतच नाही. २००१ मध्ये इंटेलच्या स्पर्धक एएमडीने १.५३ गिगाहर्ट्झच्या ॲथलॉन एक्सपी चिपला १८००+ नाव दिलं, ते याच दुखण्यापायी: आकडा लहान म्हणून चिप कमी वाटू नये. आंब्याच्या हिशेबाची एक्सेल भावाकडे उघडेपर्यंत चहा होतो, माझ्याकडे आधण पण येत नाही.

मे महिन्यात मात्र पुन्हा डोकं फिरलं. होमस्टेचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की अर्धा मिनिट तीनच्या वर, मग थेट १.१. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, खाऱ्या हवेने बोर्ड गेला, वॉरंटीत बसत नाही, चौदा हजार. बाजारातल्या पोराने मागचं झाकण काढलं आणि हसला, "पंख्यात मांजराचे केस भरलेत." चिप तापली की स्वतःच वेग उतरवते, एवढंच. तीनशे रुपये. आता दोनच्या आसपास टिकतो.

४.४ आजवर एकदाच दिसला. जानेवारीत, पहाटेच्या गारव्यात, कॅल्क्युलेटर उघडताना. स्क्रीनशॉट काढेपर्यंत ३.१.