इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटी: एका वर्षाचा अध्यक्ष आणि सभासदांचा कौल

बायबलचे अभ्यासक आणि ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक यांची इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटी ही अमेरिकन संस्था डिसेंबर 1949 मध्ये सिनसिनाटी येथे स्थापन झाली आणि कॅल्व्हिन सेमिनरीचे क्लॅरेन्स बौमा तिचे पहिले अध्यक्ष झाले. सभासदाला संस्थेकडून मिळणाऱ्या गोष्टी सरळ आहेत: नोव्हेंबरमधील वार्षिक अधिवेशन, तेथील शेकडो शोधनिबंध, सवलतीतील पुस्तके आणि एक त्रैमासिक. या सगळ्याचा दर्जा उत्तम आहे. परंतु श्रद्धेची अट घालून विद्वत्तेचे काम करणाऱ्या संस्थेची खरी पारख मतभेदाच्या वेळी तिचे नेतृत्व कसे वागते यावरून होते, असे मी मानतो, आणि म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या नेतृत्वाचे आहे.

संस्थेचे अध्यक्षपद एका वर्षाचे असते. उपाध्यक्ष, नियोजित अध्यक्ष आणि मग अध्यक्ष अशा पायऱ्या चढत माणूस तेथे पोहोचतो, त्यामुळे पदावर येईपर्यंत त्याला कामाची ओळख झालेली असते आणि पदावर आल्यावर संस्थेला आपल्या मताच्या रंगात रंगवण्याइतका वेळ त्याच्या हाती उरत नाही. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. 1999 चे अध्यक्ष वेन ग्रूडेम हे मंडळीतील (चर्चमधील) अधिकारपदे पुरुषांकडेच असावीत या मताचे अग्रणी पुरस्कर्ते. 2020 चे अध्यक्ष क्रेग कीनर हे स्त्रियांच्या मंडळीतील सेवाकार्याचे तितकेच ठाम समर्थक. दोघांनीही संस्थेच्या एकाच श्रद्धाविधानाखाली सही केली आणि दोघांनाही सभासदांनी तो मान दिला. आपल्याकडच्या मंडळ्यांमध्ये आणि संस्थांमध्ये एकच माणूस वर्षानुवर्षे खुर्चीवर बसलेला पाहणाऱ्या वाचकाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

ते श्रद्धाविधान अतिशय छोटे आहे. केवळ बायबल, आणि संपूर्ण बायबल, हे देवाचे लिखित वचन असून मूळ हस्तलिखितांत ते बिनचूक आहे, एवढेच ते प्रारंभी होते. 1990 मध्ये त्यात त्रैक्यावरील, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव यावरील, श्रद्धेची भर पडली. सभासदाला त्यावर दरवर्षी सही करावी लागते. विधान छोटे ठेवल्यामुळे बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, पेंटेकॉस्टल अशा निरनिराळ्या परंपरांचे लोक एका छताखाली आले, हा त्याचा मोठा लाभ होय. मात्र ‘बिनचूक’ म्हणजे नेमके काय, हे ठरवण्याची वेळ आली की सारा भार कार्यकारिणीवर आणि सभासदांच्या मतावर पडतो.

ती वेळ प्रथम नव्या कराराचे अभ्यासक रॉबर्ट गंड्री यांच्या निमित्ताने तीव्रतेने आली. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात त्यांनी असे मांडले की मत्तयाने मिद्राश या, शास्त्रवचनाचा कथारूपाने विस्तार करणाऱ्या यहुदी पद्धतीने काही प्रसंगांना नवे रूप दिले, उदाहरणार्थ येशूच्या जन्मकथेत मेंढपाळांच्या जागी मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) आणले. गंड्री स्वतः बायबल बिनचूक आहे असेच मानत होते. त्यांचे म्हणणे ग्रंथाच्या लेखनप्रकाराविषयी होते. तरीही 1983 च्या अधिवेशनात मोठ्या बहुमताने त्यांना राजीनामा देण्यास सांगण्यात आले आणि त्यांनी तो दिला. विधानावर मनापासून सही करणाऱ्या विद्वानाला त्याच्या अर्थनिर्णयासाठी बाहेर काढणे हा माझ्या मते संस्थेच्या इतिहासातील सर्वांत दुबळा निर्णय होता. त्यांच्या अर्थनिर्णयाचे खंडन करायला त्रैमासिकाची पाने होतीच, आणि तेथे ते समर्थपणे सुरूही झाले होते.

वीस वर्षांनी मात्र नेतृत्व कितीतरी अधिक परिपक्व दिसते. माणसाच्या स्वतंत्र निर्णयांतून घडणारे भविष्य देवाला आधीपासून संपूर्णपणे ठाऊक नसते, असे मांडणारा ‘ओपन थिइझम’ हा विचार क्लार्क पिनॉक आणि जॉन सँडर्स यांनी पुढे आणला होता. 2001 मध्ये सभासदांनी देवाच्या पूर्वज्ञानाच्या बाजूने ठराव केला. पुढे संस्थेचे संस्थापक सभासद आणि माजी अध्यक्ष रॉजर निकोल यांनी या दोघांविरुद्ध रीतसर आक्षेप दाखल केला. नऊ जणांच्या कार्यकारिणीने दोघांशी समोरासमोर प्रदीर्घ चर्चा केली. पिनॉक यांनी आपल्या लेखनातील आक्षेपार्ह मजकुराबाबत खुलासा व दुरुस्ती केल्यावर कार्यकारिणीने त्यांच्या बाजूने एकमुखाने शिफारस केली. सँडर्स यांच्याविरुद्धची शिफारस सात विरुद्ध दोन अशी झाली. 2003 मध्ये अटलांटा येथे सभासदांनी मत दिले. सँडर्स यांच्याविरुद्ध सुमारे 63 टक्के मते पडली, पण काढून टाकण्यासाठी दोन तृतीयांश मते आवश्यक असल्यामुळे दोघेही सभासद राहिले.

या निकालामुळे नॉर्मन गाइस्लर या माजी अध्यक्षांनी संस्था सोडली. त्यांची वेदना मी समजू शकतो, आणि पूर्वज्ञानाच्या प्रश्नावर माझेही मत निकोल यांच्याच बाजूचे आहे. तरीसुद्धा ज्या पद्धतीने हे प्रकरण हाताळले गेले ती मला आदर्श वाटते: आरोप लेखी होता, आरोपीचे म्हणणे ऐकले गेले, कार्यकारिणीने आपल्यातील मतभेद लपवला नाही आणि बहुमत मिळूनही नियमाने सांगितलेली मर्यादा पाळली गेली. प्रेषितांची कृत्ये यातील पंधराव्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेत आधी पेत्राचे, मग बर्णबा व पौल यांचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले गेले आणि त्यानंतरच याकोबाने निर्णय सांगितला. तो क्रम येथे आठवल्यावाचून राहत नाही.

2007 मध्ये विद्यमान अध्यक्ष फ्रान्सिस बेकविथ कॅथलिक मंडळीत परतले. श्रद्धाविधानावर आपण अजूनही सही करू शकतो असे त्यांना वाटत होते, पण संस्थेत दुफळी नको म्हणून त्यांनी मे महिन्यात अध्यक्षपद आणि पाठोपाठ सभासदत्वही सोडले. दोन्ही बाजूंनी सभ्यता राखली गेली.

उणीव मला एका ठिकाणी जाणवते. विधान तेवढेच ठेवून त्याच्याभोवती ठराव रचत जाण्याची सवय संस्थेला लागली आहे. 2006 मध्ये ‘बिनचूक’ या शब्दाच्या अर्थासाठी बायबलच्या बिनचूकपणाविषयीच्या 1978 च्या शिकागो निवेदनाकडे बोट दाखवले गेले, आणि ते योग्यच होते, कारण तो शब्द विधानातच आहे. परंतु 2015 मध्ये विवाह आणि स्त्री-पुरुषभेद यांविषयी चार ठराव संमत झाले, त्या विषयांचा श्रद्धाविधानात उल्लेखही नाही. त्यांतील बऱ्याचशा आशयाशी मी सहमत आहे. तथापि असे ठराव सभासदाला बांधून ठेवतात की केवळ त्या दिवशीच्या सभेचे मत नोंदवतात, हे कार्यकारिणीने स्पष्ट शब्दांत लिहून द्यायला हवे. नाहीतर तरुण अभ्यासक निबंध सादर करण्याआधी दहादा विचार करील.

पूर्ण सभासदत्वासाठी ईश्वरविज्ञानातील उच्च पदवी लागते आणि अधिवेशने बहुतेक अमेरिकेतच भरतात, म्हणून पुण्यातील किंवा अहिल्यानगरमधील वाचकाला खरा लाभ त्रैमासिकाचाच होणार. त्याचे जुने अंक संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. 1983 चा पहिला अंक आधी उघडावा: त्यात गंड्री यांचे टीकाकार डग्लस मू आणि स्वतः गंड्री यांची समोरासमोर झालेली चर्चा आहे. त्यानंतर 2002 मधील ओपन थिइझमवरचे लेख वाचावेत, म्हणजे अटलांटातील मतदानाआधी सभासदांपुढे दोन्ही बाजू कशा मांडल्या गेल्या होत्या ते मुळातूनच कळेल.