काचेचे मशीन घरीच बदलताना: पर्यायी रेग्युलेटरचे परीक्षण

नाशिकच्या पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरीच्या बाजूला नेहमी जाणे असेल तर, चालकाकडील काच निम्म्यावर अडकलेली गाडी वापरणे अशक्य होते. माझ्या हॅचबॅकची काच अशीच अडकली, तेव्हा मी मूळ कंपनीचा भाग न घेता शहरातील सुट्या भागांच्या दुकानातून केबलचा पर्यायी रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारे मशीन, आणून घरीच बसवला. तो घेण्याजोगा आहे, मात्र बिघाड नेमका ओळखल्यानंतरच.

बटण दाबल्यावर मोटरीची घरघर ऐकू येते पण काच हलत नाही, तेव्हा बहुधा मोटर शाबूत असते आणि केबल तुटलेली किंवा काच धरणारा प्लॅस्टिकचा सरकता तुकडा फुटलेला असतो. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज आणि बटण तपासावे, आणि दार व बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतील तारा पाहाव्यात, कारण दार उघडता-मिटताना वाकून वाकून त्या तिथेच तुटतात. बटण दाबून धरल्यावर मोटरीच्या सॉकेटवर मल्टिमीटरने सुमारे १२ व्होल्ट दिसत असतील आणि तरीही मोटर फिरत नसेल, तरच मोटर बदलावी. दुकानात बहुतेकदा मोटरीसह पूर्ण संच पुढे केला जातो. माझी मोटर चांगली असल्याने मी केवळ मशीन मागितले आणि खर्च बराच वाचला.

नव्या भागाची लोखंडी पट्टी जाड आहे आणि बोल्टची छिद्रे दारातील छिद्रांशी तंतोतंत जुळली. केबलच्या टोकाच्या पुल्या मात्र प्लॅस्टिकच्या असून मूळ भागातील पुल्यांपेक्षा हलक्या वाटतात. हा भाग स्वस्त का पडतो, ते तिथे दिसते. पट्टीवरचे ग्रीसही अपुरे होते, ते मी बसवण्यापूर्वीच भरून घेतले. दाराच्या पॅडच्या (आतील बाजूच्या आवरणाच्या) क्लिपा सोबत मिळत नाहीत. जुन्या क्लिपा काढताना हमखास तुटतात, म्हणून त्या वेगळ्या घ्याव्यात.

बसवणे अवघड नाही, पण घाईचे काम नव्हे. काच वर ढकलून रुंद चिकटपट्टीने चौकटीला पक्की बांधल्याशिवाय तिचे बोल्ट सैल करू नयेत. पॅडच्या आतील प्लॅस्टिकचा कागद सर्वांत जास्त जपावा, असे मी आग्रहाने सांगेन. काचेवरून ओघळणारे पाणी थोडेफार दारात उतरतेच आणि खालच्या छिद्रांतून बाहेर जाते. ते गाडीच्या आत येऊ न देणारा अडसर हा कागदच असतो. तो फाडून टाकला किंवा कडेचा काळा चिकट पदार्थ नीट दाबून बसवला नाही, तर पहिल्याच जोरदार पावसात पायाखालचे मॅटिंग भिजते. गॅरेजमध्ये काम दिले तरी हा कागद परत लावला आहे ना, हे पॅड बसवण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे.

काच ज्या रबरी खाचेतून सरकते ती उन्हाळ्यातील धुळीने कोरडी पडली असेल, तर नव्या मशीनवरही जुनाच ताण येतो. म्हणून ती पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये. माझी काच आता एका दमात वर जाते, आवाज मूळ मशीनपेक्षा किंचित जास्त आहे. ज्यांच्या गाडीत एका स्पर्शात काच आपोआप बंद होण्याची सोय आहे, त्यांनी काम संपल्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ती पुन्हा सेट करून घ्यावी.