बॉक्स्टरच्या सीटचं खरचटलेलं प्लॅस्टिक आणि सेमचा कलर कोट

पहिल्या पिढीची पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे ९८६, १९९६ ते २००४ या काळात निघाली. आज अमेरिका-युरोपात ती पोर्शेच्या मानाने स्वस्तात मिळते. इंजिन कितीही ठणठणीत असो, दार उघडलं की नजर आधी सीटच्या बाहेरच्या कडेवर जाते. गाडी इतकी बुटकी की तिच्यात बसायचं नसतं, घसरायचं असतं. दर खेपेला जीन्सची शिवण आणि बुटाची टाच त्या प्लॅस्टिकला घासून जाते, आणि सोडलेल्या सीट बेल्टच्या पट्ट्याची धातूची जीभही नेमकी तिथेच आपटते. पंचवीस वर्षांत काय होणार ते उघड आहे: पांढुरके ओरखडे, आणि स्विचभोवती पोपडे.

यावर अमेरिकेतल्या सेम (SEM) नावाच्या कंपनीचा ‘कलर कोट’ हा रंगाचा स्प्रे सर्रास सुचवला जातो. सूचना योग्य आहे, पण अर्धवट. हा रंग व्हिनाइल आणि प्लॅस्टिकसाठीच बनवलेला आहे. त्याचा थर पातळ बसतो आणि थोडा लवचिक राहतो, म्हणून प्लॅस्टिकचा दाणेदार पोत बुजत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला साधा काळा स्प्रे इथे मारला तर दाणा भरून निघतो, भाग खेळण्यासारखा चकाकतो आणि पहिल्याच ठोक्याला टवका उडतो. कलर कोटचे पैसे मोजायचे ते या पातळपणासाठी. गंमत अशी की बहुतेक लोक तोच जाडजूड मारून हा गुण घालवतात.

डबा घेण्याआधी नक्की काय खराब झालंय ते बघा. लपलेल्या कोपऱ्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं फडकं अर्धा मिनिट दाबून धरा. फडक्यावर काळा चिकट लगदा आला तर बिघाड प्लॅस्टिकचा नाही, वरच्या मऊ लेपाचा आहे. तो पॉलियुरेथेनचा लेप हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षं विघटित होत जातो. त्या काळातल्या फेरारीच्या बटणांना हात चिकटतो तोही याच कारणाने. असा लेप पूर्ण उतरवायलाच हवा. त्यावर मारलेला कोणताही रंग खालच्या लगद्यासकट सुटून येतो. फडकं स्वच्छ निघालं तर मात्र ओरखडे प्लॅस्टिकचेच आहेत आणि काम निम्मं सोपं आहे. दोन्ही बाबतींत एनसी थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका. एबीएस (अशा भागांसाठी वापरलं जाणारं कडक प्लॅस्टिक) त्यात विरघळतं आणि पोत कायमचा जातो.

सीट गाडीत ठेवून, मास्किंग टेप लावून भागवायचा मोह होईल. आवरा. सीटचे चार बोल्ट ई १२ टॉर्क्सचे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या डोक्याचे आहेत. सीट मागे सरकवली की पुढचे दोन दिसतात, पुढे घेतली की मागचे दोन. परत बसवताना ६५ न्यूटन मीटरने आवळायचे. रेडिओचा कोड आधी शोधून ठेवा, दाराची काच खाली घ्या, मगच बॅटरी सोडा. या दारांना चौकट नसते आणि उघडताना काच किंचित खाली उतरते. वीज नसताना ती उतरत नाही आणि रबराला ओढ बसते. सीटखालचा प्लग काढलेला असताना किल्ली फिरवायची नाही. फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि निदान यंत्र जोडल्याशिवाय विझत नाही. कडेची पट्टी स्क्रू आणि क्लिपांवर असते. जुन्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून खेचण्याआधी हेअर ड्रायरने थोडी ऊब द्या.

पट्टी उलटी केली की मागे ठसा शोधा. एबीएस लिहिलेलं असेल तर रंग नीट घासलेल्या पृष्ठभागाला थेट धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर अ‍ॅडहेशन प्रमोटरशिवाय, म्हणजे रंगाला पकड देणाऱ्या अस्तराशिवाय, काहीच धरणार नाही, कारण त्याचा पृष्ठभाग द्रवाला पसरूच देत नाही. प्रमोटरचा एक झिरझिरीत हात पुरतो, आणि डब्यावर दिलेल्या वेळेतच वरचा रंग मारायचा. ओलागच्च मारला तर वरचा थर सुरकुततो.

खरी लढाई धुण्याची आहे. या गाड्यांच्या आतल्या भागांवर वर्षानुवर्षं चकाकीसाठी सिलिकॉनची द्रव्यं चोळलेली असतात, आणि सिलिकॉन उरलं की रंग गोल गोल खड्ड्यांनी फाटतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि राखाडी स्कॉच-ब्राइट घेऊन दाण्यांच्या खाचांत शिरेल असं दोनदा घासा. सुकल्यावर ग्रीस रिमूव्हर एका फडक्याने लावून, वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. मग साधं पाणी शिंपडा. पाण्याचा सलग पडदा मोडून थेंब गोळा झाले, तर अजून तेलकट आहे, पुन्हा घासा. (उघड्या पीपीवर थेंब एरवीही गोळा होतात, तिथे ही परीक्षा निरुपयोगी.) वॉटर पेपर फक्त ओरखड्यांच्या कडांपुरता, ४०० आणि मग ६०० नंबरचा. १८० नंबरने घासलं की दाणे सपाट होतात, आणि तो टकलू डाग रंगाखालून आणखी उठून दिसतो.

खोल खाच लवचिक प्लॅस्टिक फिलरने भरता येते. पोत परत आणायला याच कंपनीचं टेक्स्चर कोटिंग आहे, पण मूळ दाण्याशी ते हुबेहूब जुळेल अशी आशा नको. आधी पुठ्ठ्यावर मारून पाहा.

रंगाचे तीन ते चार हात, अंतर २० ते २५ सेंटिमीटर, दोन हातांमध्ये ५ ते १० मिनिटं. पहिला हात इतका विरळ की खालचं दिसलंच पाहिजे. फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा, नाहीतर टोकांना रंग साचतो. थंडीत डबा कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवला तर फवारा बारीक पडतो. पाणी गरम नको. दमट दिवशी काम काढू नका, रंगावर पांढुरकी झाक येते. हात लावण्याजोगा तो लवकर होतो, पण आत द्रावक अडकलेलं असतं. भाग बसवायला २४ तास थांबा आणि पहिला आठवडा पट्टा हातात धरून सोडा.

३४० ग्रॅमच्या एका डब्यात दोन्ही सीटच्या कडेच्या पट्ट्या आणि बिजागरीची झाकणं होतात. सीटच्या पाठीची मागची कवचंही रंगवायची असतील तर प्रत्येकी एक डबा जास्त धरा. काळ्यात लँडाऊ ब्लॅक थोडा चकचकीत आणि सॅटिन ब्लॅक त्याहून मंद. शेजारच्या न रंगवलेल्या भागाला जो जुळेल तो घ्या. आतून सॅव्हाना बेज किंवा मेट्रोपोल ब्लू रंगाच्या गाड्यांना मात्र तयार छटा बेतानेच जुळतात. तिथे नमुना नेऊन रंग मिसळून घेणंच बरं.

पट्ट्या, झाकणं आणि कवचांसाठी हा रंग बिनधास्त घ्या. पाठ झुकवायच्या दांड्या आणि स्विचसाठी नको. बोटं रोज फिरतात तिथे कोपरे काही महिन्यांत उघडे पडतात, नवा भाग मागवलेला परवडतो. हीट गनने ओरखडे घालवायचा सल्लाही सोडून द्या. एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि वाकलेली पट्टी पुन्हा क्लिपेत बसत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी एक गोष्ट: अमेरिकेहून येणाऱ्या भावाला हा डबा बॅगेत आणायला सांगू नका. स्प्रे पेंट विमानात ना केबिनमध्ये चालतो ना चेक-इनमध्ये. बंपरच्या रंगकामाला लागणारा प्लॅस्टिक प्रायमर आपल्याकडच्या ऑटो पेंटच्या दुकानांत मिळतो. त्यावर स्प्रे गनने मॅट काळा पातळ मारून घेता येतो, मात्र रंगात फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह (रंग लवचिक ठेवणारं द्रव्य) घालायला पेंटरला आठवणीने सांगा. आणि काम जून ते सप्टेंबर सोडून काढा.