साधा वायरचा लँडलाइन फोन, सहा-सात महिने वापरून: रिसीव्हरला वजनच नाही

आवाजाबद्दल तक्रार नाही हे आधीच सांगतो. आवाज मस्त आहे, मोबाइलपेक्षा कितीतरी बरा. तक्रार आहे ती रिसीव्हरच्या वजनाची, आणि हसायचं असेल त्याने खुशाल हसावं, पण या एका गोष्टीने माझं डोकं पार उठवलंय.

साताऱ्याला आई एकटी असते. घर जुनं, भिंती जाडजूड, मोबाइलला रेंज फक्त ओसरीवर. कॉपरची, म्हणजे जुनी तांब्याच्या तारेची लाइन सारखी डेड व्हायला लागली म्हणून त्याच कंपनीचं फायबर घेतलं, नंबर तोच राहतो एवढ्यासाठीच, कारण आमच्या निम्म्या नातेवाइकांना 02162 च्या पुढचे ते सहा आकडे पाठ आहेत आणि आईचा मोबाइल नंबर एकाकडेही धड सेव्ह नाही. फोन आपला आपण आणायचा असतो. बाजारातून सहाशे-साडेसहाशेचा, बिनडिस्प्लेचा, बिनबॅटरीचा उचलला. डिस्प्लेवाला घेऊन त्यात सेल कोण बदलत बसणार.

जोडणी म्हणाल तर काही नाही. मॉडेमच्या मागे नेटच्या वायरीपेक्षा छोटं भोक असतं, त्यात टिचकन क्लिप बसली की टोन येतो. पण मॉडेम दारात आणि फोन हवा माजघरात, म्हणून भिंतीतली जुनी टेलिफोनची वायरिंगच वापरायची ठरवलं. असं करणार असाल तर बाहेरून आलेली कॉपरची जोडी आधी डब्यातून सोडवून बाजूला करा, दोन्ही लाइनी एकात एक ठेवू नका. आणि वायरमन काम करत असताना चुकूनही त्या नंबरवर कुणाला फोन लावू देऊ नका. आमच्या वायरमनला वायर दाताने सोलायची सवय, आणि नेमका तेव्हाच मामाचा फोन आला. रिंग येते तेव्हा त्या दोन तारांत पन्नासच्या वर व्होल्ट असतात. मामाला त्या दिवशी सातारी भाषेत जे जे ऐकायला लागलं असतं, त्यातून तो फोन उचलला गेला नाही म्हणून वाचला.

फोनच्या खाली एक बारीक स्विच असतो, टी आणि पी, म्हणजे टोन आणि पल्स. तो टी वर आहे ना बघा. पी वर राहिला तर गॅसच्या नंबरावर 'मराठीसाठी अमुक दाबा' म्हणतात तिथे कितीही दाबा, पलीकडचं मशीन ढिम्म हलत नाही. दुसरं म्हणजे लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य, 15 जानेवारी 2021 पासून हा नियम आहे, पण आईला अजून दर वेळी ती रेकॉर्डेड बाई आठवण करून देते. शेवटी मेमरीच्या तिन्ही बटणांवर शून्यासकट नंबर भरले आणि वर चिकटपट्टीवर नावं लिहिली.

आता मुद्द्यावर येतो. फोन ठेवला की रिसीव्हरच्या वजनाने ते खालचं बटण दाबलं जातं आणि लाइन कट होते, सगळा खेळ एवढाच आहे. या फोनचा रिसीव्हर इतका हलका की जरा तिरका ठेवला किंवा वायरीला पीळ पडला असला की बटण अर्धवटच दबतं. बघणाऱ्याला वाटतं फोन ठेवलाय. थोडा वेळ पीं पीं करतो, मग गप्प, आणि मग तासन् तास एंगेज. आईला वाटतं आज कुणी फोनच केला नाही, इकडे मावशी मला पुण्यात फोन करून विचारते की अरे ताई दुपारपासून कुणाशी बोलत बसलीय. एकदा तर शेजारच्या काकूंना उठवून घरात पाठवायला लागलं रात्री साडेदहाला, आई आपली शांत झोपलेली. ज्या वस्तूचं काम एकच, की आईला फोन लागावा, तिनेच फोन लागू द्यायचा नाही म्हणजे काय?

वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या पोराने रिसीव्हर उचलला, ठेवला, उचलला, ठेवला, म्हणाला चालतोय की. म्हटलं बाबा, तू दाबून ठेवतोयस, माझी आई पंचाहत्तरीची आहे, ती असा ठेवत नाही. तर म्हणे, मग त्यांना नीट ठेवायला सांगा. त्या ठिकाणी यापुढे बोलून उपयोग नव्हता.

घरी येऊन रिसीव्हर उघडला, दोन स्क्रू. आत कानाच्या बाजूला स्पीकर, तोंडाच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा माइक, आणि मधे चौकोनी खाच, लोखंडी पट्टी बसवायची. खाच आहे, पट्टी नाही! म्हणजे साचा बनवणाऱ्याला ठाऊक होतं इथे वजन लागणार, नंतर कुणीतरी हिशेब करून दोन-चार रुपये वाचवले. माळ्यावरचा जुना फोन काढला, त्याच्या रिसीव्हरमध्ये गंजलेली पट्टी होती, पॉलिश पेपरने घासून या खाचेत टाकली, चपखल बसली. खडखडू नये म्हणून वर इन्सुलेशन टेप. त्या दिवसापासून एकदाही एंगेज अडकलेला नाही. मी दोन स्टार देणार होतो, पट्टी टाकल्यावर खुशाल चार केले. कंपनीला नव्हे, जुन्या फोनला.

अपडेट: पावसाळ्यात पुन्हा एक स्टार उतरवला. लाईट गेली आणि फोनही गेला. कॉपरच्या लाइनवर एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट यायचे, तिथे बॅटऱ्या असायच्या, घरात अंधार असला तरी फोन चालू. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, फोन मॉडेमवर जगतो, मॉडेम घरच्या लाईटवर. यात फोनचा दोष नाही हे मान्य, पण कनेक्शन बदलताना हे एकाने तरी सांगायचं होतं. आई मला ऐकवते, 'तुझ्यापेक्षा तो काळा डबडा बरा होता, वादळातसुद्धा वाजायचा.' शेवटी मॉडेमसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, तो फोनच्या दुप्पट किमतीला पडला. घेताना मॉडेमच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच घ्या, दुकानदार देईल तो उचलू नका.

बाकी रिंग 'हाय'वर ठेवली की परसात ऐकू येते. स्वतःचा आवाज कानात हलका ऐकू येतो त्यामुळे आई मोबाइलवर ओरडते तशी यावर ओरडत नाही, शेजाऱ्यांना आता आमच्या घरच्या बातम्या कमी कळतात. जाहिरातींचे नको ते फोन येतात, ते थांबवायला 1909 ला लावून नोंद केलीय, थोडे कमी झाले. ओटीपी यावर येत नाही, त्यामुळे त्यासाठी अजून ओसरीवर जावंच लागतं.

पिळाची वायर आत्ताच दोन ठिकाणी सैल पडलीय. नवी घेणार नाही, माळ्यावरच्या फोनची याला बसते, बघून ठेवलंय.