श्रीलंकेला बोटीने जावे की विमानाने?

श्रीलंकेच्या सहलीची चौकशी करणारे बहुतेक लोक हॉटेल, जेवण आणि चलन यांविषयी विचारतात. मुंबई-कोलंबो विमानाचे तिकीट काढले की जायचे कसे हा प्रश्न संपला, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. मात्र तमिळनाडूतील नागपट्टिणमहून उत्तर श्रीलंकेतील जाफन्याजवळच्या कांकेसंथुराई बंदरापर्यंत प्रवासी बोट सुरू झाल्यापासून, आणि चेन्नईहून थेट जाफन्याला विमाने जाऊ लागल्यापासून, निवड करायला खरोखरच वाव निर्माण झाला आहे. या तिन्ही मार्गांनी गेल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मार्ग तिकिटाच्या दरावरून ठरवू नये. बेटाचा कोणता भाग पाहायचा आहे, यावरून ठरवावा.

कोलंबोच्या विमानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही आणि तीच त्याची जमेची बाजू आहे. सुमारे अडीच तासांत मुंबईहून कटुनायके येथील बंडारनायके विमानतळावर पोहोचता येते. प्रवेशाची ऑनलाइन परवानगी निघण्यापूर्वीच काढून ठेवली असेल, तर तिथले सोपस्कारही लवकर आटोपतात. एक गोष्ट मात्र सहल कंपन्यांच्या पत्रकांत सहसा सांगितली जात नाही : हा विमानतळ कोलंबो शहरात नसून शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, नेगोंबोच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे ज्यांना कँडी, दांबुल्ला किंवा सिगिरियाकडे जायचे आहे, त्यांनी पहिल्याच दिवशी कोलंबोत शिरून तिथल्या वाहतुकीत अडकण्याचे काही कारण नाही. नेगोंबोला रात्र काढून सकाळी थेट पुढे निघावे. कोलंबोलाच जायचे असेल तर 2013 साली खुला झालेला द्रुतगती मार्ग आहे आणि हाताशी सामान कमी असेल तर 187 क्रमांकाची बसही चांगली आहे. विमानतळाबाहेर टॅक्सीवाले सांगतील तो दर मान्य करण्याआधी पिकमी या तिथल्या ॲपवर भाडे पाहून घ्यावे.

बोटीचा मार्ग अधिक रसाचा आहे आणि अधिक अवघडही. भारत आणि श्रीलंका यांच्यातील समुद्रप्रवासाची परंपरा जुनी आहे. पांबनचा रेल्वे पूल 1914 साली खुला झाल्यानंतर मद्रासहून निघालेली ‘बोट मेल’ प्रवाशांना धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत आणून सोडी, तिथून आगबोटीने तलैमन्नारला उतरायचे आणि पलीकडे उभ्या असलेल्या गाडीने कोलंबो गाठायचे, अशी ती व्यवस्था होती. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाली, त्यानंतर रामेश्वरमहून बोट जात राहिली आणि श्रीलंकेतील यादवी युद्ध पेटल्यावर तीही थांबली. मधल्या काळात, 2011 साली, तुतिकोरिन ते कोलंबो असा एक प्रयत्न झाला, पण तो काही महिन्यांतच गुंडाळला गेला. 14 ऑक्टोबर 2023 रोजी ‘चेरियापाणी’ हे जहाज नागपट्टिणमहून निघाले, त्याचे कौतुक का झाले, हे या पार्श्वभूमीवर समजते.

तरीही कौतुकाबरोबर सावधगिरी हवी. ती सेवा ईशान्य मोसमी पावसामुळे काही दिवसांतच बंद करावी लागली. ऑगस्ट 2024 मध्ये ‘शिवगंगाई’ या जहाजाने ती पुन्हा सुरू झाली, हिवाळ्यात पुन्हा थांबली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये परत चालू झाली. दोष कोणाचा, हा वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पाल्कच्या सामुद्रधुनीत लहान जहाजाने कसे वागावे हे समुद्रच ठरवतो. प्रवाशाने इतकेच ध्यानात ठेवावे की, या तीन महिन्यांत बोटीच्या भरवशावर सुट्टीचा बेत आखू नये आणि इतर वेळीही हाताशी दोन मोकळे दिवस ठेवावेत.

प्रत्यक्ष प्रवास सुमारे 60 सागरी मैलांचा, म्हणजे 110 किलोमीटरचा असून त्याला साधारण चार तास लागतात. बंदरात पासपोर्ट, कस्टम्स आणि सामानाची तपासणी विमानतळासारखीच होते. आमच्या रांगेत सहलीला निघालेले थोडे आणि जाफन्याला घरी परतणारी तमिळ कुटुंबे जास्त होती. वजनकाट्यापाशी एक आजीबाई साड्यांचा गठ्ठा सोडून अर्ध्या साड्या सुनेच्या बॅगेत भरत होत्या आणि मागचे सगळे लोक न कुरकुरता थांबले होते. सामानाच्या वजनाची मर्यादा इथे काटेकोरपणे पाळली जाते, हे त्यावरून ओळखावे. किनारा दिसेनासा झाल्यावर बोट हलू लागते. ज्यांना बस लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी आणि पोटभर इडली-पोंगल खाऊन चढू नये.

कांकेसंथुराईला उतरल्यावर जाफना शहर अठराएक किलोमीटरवर राहते. कोलंबो मात्र सुमारे 400 किलोमीटर दूर आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. युद्धात उखडलेला इथला उत्तरेकडचा लोहमार्ग भारताच्या इरकॉन कंपनीने पुन्हा बांधला आणि त्यावरून ‘याळ देवी’ ही गाडी धावते, परंतु दक्षिणेचे समुद्रकिनारे पाहण्यासाठी कोणी या वाटेने जाणार असेल तर त्याचा एक अख्खा दिवस गाडीतच जाईल. उलट ज्याला नल्लूरचे कंदस्वामी मंदिर, किरीमलैचे झरे आणि जाफन्याचे खाणे यांचीच ओढ आहे, त्याच्यासाठी यापेक्षा सोयीचे बंदर नाही. बोट स्वस्त आहे, ही समजूतही महाराष्ट्रातील माणसाच्या बाबतीत टिकत नाही. नागपट्टिणमपर्यंतचे रेल्वेभाडे आणि मुक्काम धरला की बचत उरत नाही. अर्थात त्याच वाटेवर तंजावर लागते आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहायला मिळतो, तेव्हा हा खर्च मी तरी वाया गेला असे म्हणणार नाही.

चेन्नई-जाफना विमान हा मधला मार्ग. छोटे एटीआर विमान सव्वा तासाच्या आसपास पलालीला, म्हणजे जाफन्याच्या विमानतळावर उतरते, आणि ते फार उंचावरून जात नसल्यामुळे खालचा उथळ समुद्र स्पष्ट दिसतो. खिडकीची जागा मागून घ्यावी. बोटीची अनिश्चितता नको, पण उत्तर श्रीलंका मात्र पाहायची आहे, अशा ज्येष्ठांना मी हाच मार्ग सुचवेन. चेन्नईहून कधीमधी निघणाऱ्या क्रूझचा विचार या यादीत करू नये, कारण ती बंदराला काही तास थांबून प्रवाशांना पुन्हा जहाजावर घेते; तो जहाजाचा मुक्काम आहे, देशाचा प्रवास नव्हे.

पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने कोलंबोचे विमान घ्यावे. दहा-बारा दिवस हाताशी असतील, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोटीने जाफन्याला उतरून रेल्वेने अनुराधापूरमार्गे खाली यावे आणि परतीचे विमान कोलंबोहून धरावे. याउलट क्रम लावू नये, कारण परतीच्या दिवशी बोट रद्द झाली तर पुढची सगळी आरक्षणे कोसळतात. परतीचे तिकीट मात्र छापून जवळ ठेवावे. प्रवेशाच्या खिडकीवर ते मागितले जाऊ शकते.