सापेक्ष पाथ कशाच्या सापेक्ष? पार्सर लिहिणाऱ्यांसाठी तुलना

कॉन्फिगरेशन फाइल (प्रोग्रामच्या सेटिंग्जची फाइल) वाचणाऱ्या पार्सरमध्ये सापेक्ष पाथ, म्हणजे रूटपासून पूर्ण न लिहिलेले फाइलींचे पत्ते, स्वीकारायचे ठरले, की ते कोणत्या डिरेक्टरीपासून मोजायचे हे आधी ठरवावे लागते, कारण लोकांच्या फाइली त्यावर विसंबू लागल्यानंतर तो निर्णय बदलणे फार महाग पडते.

प्रोग्राम ज्या डिरेक्टरीतून सुरू झाला तिच्यापासून मोजणे सर्वांत सोपे आहे, कारण त्यासाठी काहीच कोड लिहावा लागत नाही. परंतु टर्मिनलवर नीट चालणारा प्रोग्राम क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सुविधा) होम डिरेक्टरीत किंवा सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणारी प्रणाली) सेवेतून थेट रूट डिरेक्टरीत सुरू झाला, की त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमधले पाथ सापडेनासे होतात. कमांड लाइनवर दिलेल्या पाथसाठी हा नियम योग्य आहे. फाइलमध्ये लिहिलेल्या पाथसाठी मी तो सुचवणार नाही.

दुसरा पर्याय एकच ठरलेल्या मुळाचा. अपाची या वेब सर्व्हरमधील इन्क्लूड (दुसरी फाइल आत घेण्याचा निर्देश) याचा पाथ सर्व्हररूट या सेटिंगमध्ये दिलेल्या डिरेक्टरीपासून मोजला जातो, तर एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये तो कितीही खोलवर असला तरी मुख्य फाइलच्या डिरेक्टरीपासूनच मोजला जातो. एका सर्व्हरसाठी हे पुरेसे आहे. मात्र उपफाइलींसह एखादे फोल्डर दुसरीकडे हलवले की आतले पाथ बदलावे लागतात.

तिसरा पर्याय, म्हणजे ती ओळ ज्या फाइलमध्ये आहे त्या फाइलच्या डिरेक्टरीपासून मोजणे, मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीने 2012 मध्ये 1.7.10 या आवृत्तीत इन्क्लूड आणले तेव्हा हाच नियम ठेवला. त्याची किंमत अशी, की प्रत्येक मूल्य कोणत्या फाइलमधून आले हे पार्सरला लक्षात ठेवावे लागते आणि अनेक फाइली एकत्र केल्यावर ती माहिती हरवते. म्हणून पाथ वाचल्याबरोबर, विलीनीकरणापूर्वीच, पूर्ण करून घ्यावा. अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोझमध्ये हा फरक स्पष्ट दिसतो: अनेक फाइली एकापाठोपाठ दिल्यास सगळे पाथ पहिल्या फाइलपासून मोजले जातात, तर 2023 मध्ये आलेल्या इन्क्लूडमध्ये समाविष्ट फाइलचे पाथ तिच्या स्वतःच्या फोल्डरपासून मोजले जातात.

कॉन्फिगरेशन फाइलऐवजी स्टँडर्ड इनपुटवरून (प्रोग्रामला थेट पुरवलेला मजकूर) आले तर डिरेक्टरीच नसते. अशा वेळी अंदाज न बांधता गिटप्रमाणे सरळ त्रुटी द्यावी. आणि जुने वापरकर्ते पहिल्या नियमावर आधीच विसंबले असतील, तर एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरच्या 'डिफॉल्ट-पाथ'सारखा निर्देश देऊन कोणता नियम लागू करायचा हे फाइलमध्येच लिहू द्यावे.